१९४५ नंतरची बिलं हाउस ऑफ लॉर्ड्समधून पास कशी झाली, आणि एखादं बिल स्वतः कसं ट्रॅक करायचं

आधी एक आकडा लक्षात ठेवा. जुलै १९४५ च्या ब्रिटिश निवडणुकीत मजूर पक्षाला खालच्या सभागृहात म्हणजे कॉमन्समध्ये ३९३ जागा मिळाल्या, दणदणीत बहुमत, ॲटली पंतप्रधान झाले, आणि त्याच वेळी वरच्या सभागृहात म्हणजे लॉर्ड्समध्ये आठशेच्या आसपास मेंबरांपैकी मजूर पक्षाचे म्हणता येतील असे लॉर्ड होते फक्त १६. बाकी बहुतेक वंशपरंपरेने आलेले, आणि त्यातले बरेचसे हुजूर पक्षाचे. तरीही पुढच्या सहा वर्षांत बँक ऑफ इंग्लंड, कोळसा खाणी, रेल्वे, एनएचएस म्हणजे सरकारी आरोग्य सेवा, आणि आपल्या भारताच्या स्वातंत्र्याचा कायदासुद्धा, सगळं याच सभागृहातून पास झालं.

परीक्षेच्या नोट्समध्ये याचं उत्तर एका ओळीत असतं, "१९११ च्या कायद्याने लॉर्ड्सचे अधिकार काढून घेतले". हे अर्धंच खरं आहे. १९११ च्या त्या पार्लमेंट ॲक्टनंतरही १९४५ मध्ये लॉर्ड्सकडे कुठलंही साधं बिल दोन वर्षं लटकवून ठेवायची ताकद होती, आणि पाच वर्षांच्या सरकारला दोन वर्षं म्हणजे फार झाली. त्यांनी ती ताकद बहुतेक वेळा वापरली नाही, का वापरली नाही आणि त्याऐवजी काय केलं, हे कळायचं असेल तर मूळ रेकॉर्ड वाचण्याला पर्याय नाही, आणि ते वाटतं तितकं अवघड अजिबात नाही. कसं वाचायचं ते क्रमाने सांगतो.

सुरुवातीची तयारी

ब्रिटिश पार्लमेंटच्या चर्चांचं छापील रेकॉर्ड म्हणजे हॅन्सर्ड. १८०३ पासूनचं 'हिस्टॉरिक हॅन्सर्ड' ऑनलाइन फुकट आहे, तारखेवरून उघडता येतं, फक्त कॉमन्सचं आणि लॉर्ड्सचं वेगवेगळं आहे एवढं बघा, सुरुवातीला बरेच जण चुकून कॉमन्सचंच पान वाचत बसतात. एक वही किंवा एक्सेल शीट घ्या आणि चारच कॉलम करा: तारीख, टप्पा, सरकारतर्फे कोण बोललं, निकाल काय. प्रत्येक बिलासाठी एक पान. भाषणं नंतर वाचा, आधी हा सांगाडा भरा, नाहीतर तुम्ही कुठल्या तरी लॉर्डच्या चाळीस मिनिटांच्या भाषणात अडकता आणि बिल पुढे कुठे गेलं ते कळतच नाही.

अजून एक गोष्ट. मे १९४१ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात कॉमन्सचा हॉल जळून गेला, म्हणून कॉमन्सवाले लॉर्ड्सच्या हॉलमध्ये बसायला लागले आणि लॉर्ड्स गेले राजाच्या रोबिंग रूममध्ये, म्हणजे राजा पार्लमेंट उघडायला येतो तेव्हा जिथे झगा आणि मुकुट घालतो त्या खोलीत. कॉमन्सचा नवा हॉल ऑक्टोबर १९५० मध्ये तयार झाला. म्हणजे या लेखातल्या जवळजवळ सगळ्या चर्चा लॉर्ड्सनी त्या उसन्या खोलीत केल्या, भारताच्या स्वातंत्र्याची पण. वाचताना फोटोतला तो लाल-सोनेरी भव्य हॉल डोळ्यासमोर आणू नका.

पहिली पायरी: बिल जाहीरनाम्यात होतं का ते बघा

सगळ्यात जास्त फरक या प्रश्नाने पडतो, त्यामुळे इथे घाई करू नका.

निवडणुकीनंतर लॉर्ड्समध्ये मजूर पक्षाचे नेते होते व्हायकाउंट ॲडिसन, पेशाने डॉक्टर, वय तेव्हा ७६, पहिल्या महायुद्धानंतर आरोग्यमंत्री राहिलेले. समोर हुजूर पक्षाचे नेते व्हायकाउंट क्रॅनबोर्न, जे १९४७ मध्ये वडील गेल्यावर पाचवे मार्क्वेस ऑफ सॉल्सबरी झाले, आणि ज्यांचे आजोबा खुद्द पंतप्रधान होते. १६ ऑगस्ट १९४५ ला राजाच्या भाषणावरच्या चर्चेत क्रॅनबोर्न उभे राहिले आणि त्यांनी जे सांगितलं त्याचा सारांश असा: आमची वैयक्तिक मतं काहीही असोत, हे प्रस्ताव निवडणुकीत लोकांसमोर ठेवले होते, लोकांनी ते बघून मजूर पक्षाला निवडून दिलं, त्यामुळे देशाने इतक्यात कौल दिलेला असताना या सभागृहाने अशा प्रस्तावांना विरोध करणं घटनेच्या दृष्टीने चूक ठरेल. हे भाषण स्वतः उघडून वाचाच, लांब नाही.

यातून जो अलिखित नियम तयार झाला त्याला सॉल्सबरी कन्व्हेन्शन म्हणतात. जाहीरनाम्यातल्या बिलाला सेकंड रीडिंगला, म्हणजे मूळ तत्त्वावरच्या चर्चेला, पाडायचं नाही, आणि बिलाचा जीवच जाईल अशी दुरुस्ती पण करायची नाही. कायद्यात हे कुठेही लिहिलेलं नाही. कोर्टात जाऊन कोणी हे मागू शकत नव्हतं. दोन अनुभवी नेते, एकमेकांशी नीट बोलणारे, आणि दोघांनाही माहीत की लॉर्ड्सनी एनएचएस किंवा कोळशाचं बिल अडवलं तर लोक लॉर्ड्सच उडवून टाका म्हणतील, यावर ते चाललं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण कलमं पाठ करतो पण सभागृहं चालतात ती अशा समजुतींवर.

तर तुमच्या वहीत बिलाच्या नावापुढे लिहा, जाहीरनाम्यात होतं की नव्हतं. मजूर पक्षाचा १९४५ चा जाहीरनामा छोटा आहे, अर्ध्या तासात वाचून होतो. कोळसा, गॅस, वीज, वाहतूक, लोखंड-पोलाद, बँक ऑफ इंग्लंड, आरोग्य सेवा, सगळं त्यात आहे. फाशीची शिक्षा त्यात नव्हती. या "नव्हती"चा परिणाम काय झाला ते पुढे येतंच.

दुसरी पायरी: बिल सुरू कुठे झालं

बहुतेक मोठी बिलं कॉमन्समध्ये सुरू होऊन लॉर्ड्सकडे आली. काही मात्र लॉर्ड्समध्येच सुरू झाली, उदाहरणार्थ १९४७ चं क्राउन प्रोसिडिंग्ज बिल, ज्याने सामान्य नागरिकाला सरकारवर नुकसानभरपाईचा दावा लावणं सोपं झालं, किंवा त्याच वर्षीचं कंपनी कायद्याचं बिल. किचकट, कायदेशीर, पण राजकीय भांडण कमी अशी बिलं वर सुरू करायची म्हणजे कॉमन्सचा वेळ वाचतो. १९११ चा पार्लमेंट ॲक्ट लॉर्ड्समध्ये सुरू झालेल्या बिलाला लागू होत नाही, म्हणून ज्याच्यावरून वाद होणार हे सरकारला माहीत आहे ते बिल कॉमन्समध्येच आणलं जायचं.

पैशाचं बिल असेल, म्हणजे कॉमन्सच्या स्पीकरने तसं सर्टिफिकेट दिलं असेल, तर लॉर्ड्स फक्त एक महिना रोखू शकतात. आपल्या राज्यसभेला १४ दिवस आहेत, त्याची मूळ कल्पना इथलीच.

तिसरी पायरी: फर्स्ट आणि सेकंड रीडिंग

फर्स्ट रीडिंगमध्ये वाचण्यासारखं काही नाही. बिल आलं, नाव वाचलं, छापायला गेलं. तारीख लिहा आणि पुढे चला.

सेकंड रीडिंग म्हणजे बिलाच्या मूळ तत्त्वावर चर्चा. इथे आपल्या वाचकाचा एक गोंधळ होतो. आपल्याकडे मंत्री लोकसभेचा असला तरी राज्यसभेत जाऊन बोलू शकतो, कलम ८८ तसं सांगतं. ब्रिटनमध्ये मंत्री फक्त स्वतःच्या सभागृहात बोलतो. एनएचएसचं बिल आरोग्यमंत्री ॲन्युरिन बेव्हनचं, पण बेव्हन कॉमन्सचे, त्यामुळे लॉर्ड्समध्ये ते त्यांच्या तोंडून ऐकायला मिळणारच नाही, तिथे दुसऱ्याच मंत्र्याने ते चालवलं. म्हणून तो तिसरा कॉलम. मजूर पक्षाचे मूठभर लॉर्ड, त्यात ॲडिसन, लॉर्ड चान्सलर जोविट, पॅकेनहॅम, लिस्टोवेल वगैरे, हेच सगळ्या खात्यांची बिलं अंगावर घेत होते, आज वीज, उद्या शेती, परवा गृहबांधणी. वाचताना त्यांच्याबद्दल आदर वाटतो.

भाषणाचा रोख पण बघा. लॉर्ड्समध्ये अध्यक्षांना उद्देशून बोलत नाहीत, सरळ "माय लॉर्ड्स" म्हणून सगळ्या सभागृहाशी बोलतात, आणि तेव्हा वूलसॅकवर, म्हणजे लोकर भरलेल्या अध्यक्षीय बैठकीवर, बसणाऱ्या लॉर्ड चान्सलरला कोणाला गप्प बसवायचा अधिकारच नव्हता, शिस्त आपली आपण पाळायची. विरोधकांचं सेकंड रीडिंगचं भाषण बहुतेक वेळा एकाच वळणाचं असतं: आधी बिलावर सडकून टीका, मग "पण आम्ही याविरुद्ध मत मागणार नाही, कमिटीत मात्र बारकाईने बघू". हे शेवटचं वाक्य सापडलं की अंडरलाइन करा, सॉल्सबरी कन्व्हेन्शन प्रत्यक्षात दिसतं ते तिथे.

चौथी पायरी: कमिटी स्टेज, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

बिल सुधारतं ते इथे. लॉर्ड्समध्ये मोठ्या बिलाची कमिटी म्हणजे अख्खं सभागृहच, कलमावर कलम घ्यायचं, कोणीही दुरुस्ती मांडू शकतो, कुठली घ्यायची कुठली नाही हे ठरवणारा स्पीकर नाही आणि चर्चेवर वेळेची कात्री नाही.

ही वेळेची कात्रीच कळीची आहे. मार्च १९४७ मध्ये सरकारने कॉमन्समध्ये ट्रान्सपोर्ट बिल आणि टाउन अँड कंट्री प्लॅनिंग बिल या दोन्हींवर गिलोटिन लावलं, म्हणजे ठरलेल्या तारखेला चर्चा बंद, उरलेली कलमं तशीच मतदानाला. दोन्ही प्रचंड बिलं, एक सगळी रेल्वे, कालवे, लांब पल्ल्याचे ट्रक ताब्यात घेणारं, दुसरं देशातल्या जमिनीच्या विकासाचा हक्कच सरकारकडे नेणारं. कलमंच्या कलमं कॉमन्समध्ये कोणी तोंडसुद्धा न उघडता वर आली. मग लॉर्ड्सनी त्यात ढिगाने दुरुस्त्या केल्या, आणि त्यातल्या पुष्कळ सरकारने स्वतःच मांडलेल्या होत्या, कारण सरकारलाही आता चुका दिसत होत्या आणि त्या दुरुस्त करायला हीच जागा उरली होती. निवडून न आलेलं सभागृह म्हणून लॉर्ड्सवर टीका करायची तर जरूर करा, पण हे काम त्यांनी केलं नसतं तर ते कायदे कोर्टात वर्षानुवर्षं अडकले असते असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कमिटीचं पान वाचायचं कसं. प्रत्येक दुरुस्तीच्या शेवटी छोट्या अक्षरात एक ओळ असते आणि तीन-चार प्रकार ओळखता आले की झालं. "ऑन क्वेश्चन, अमेंडमेंट अग्रीड टू" म्हणजे मान्य. "निगेटिव्ड" म्हणजे फेटाळली. आणि सगळ्यात जास्त दिसतं ते "अमेंडमेंट, बाय लीव्ह, विथड्रॉन", म्हणजे मांडणाऱ्याने परवानगी घेऊन मागे घेतली.

नवीन माणूस हे बघून समजतो की विरोधक हरले. तसं नसतं. त्या ओळीच्या वरची चार-पाच वाक्यं वाचा. बहुतेक वेळा मंत्री म्हणालेला असतो की मुद्द्यात तथ्य आहे, शब्दरचना बरोबर नाही, मला रिपोर्ट स्टेजपर्यंत, म्हणजे कमिटीनंतरच्या टप्प्यापर्यंत, वेळ द्या, मी बघतो. मग मांडणारा मागे घेतो. पुढच्या टप्प्यात तोच मुद्दा सरकारच्या नावाने, सरकारच्या ड्राफ्ट्समनच्या भाषेत परत येतो आणि विनाचर्चा पास होतो. म्हणून "विथड्रॉन" दिसलं की वहीत कलमाचा नंबर लिहून ठेवा आणि रिपोर्ट स्टेजला तोच नंबर शोधा. हे एक केलंत तरी तुम्हाला कायदा नक्की कोणाच्या म्हणण्याने बदलला ते दिसायला लागेल, आणि कुठल्याही गाइडमध्ये हे मिळत नाही.

मतविभागणी झाली असेल तर दोन याद्या असतात, "कंटेंट" म्हणजे बाजूने आणि "नॉट-कंटेंट" म्हणजे विरुद्ध. जुन्या याद्या मानाच्या क्रमाने आहेत, ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, आणि शेवटी बॅरन. एकूण किती आले ते बघा. शे-दीडशेच्या वर आकडा गेला तर समजा त्या दिवशी काहीतरी पेटलेलं होतं, कारण पगार नव्हताच, रोज येणारे लॉर्ड थोडेच, आणि एरवी आपल्या इस्टेटीवर बसलेले लोक खास त्या मतासाठी लंडनला आले होते.

पाचवी पायरी: रिपोर्ट, थर्ड रीडिंग

रिपोर्टला कमिटीतली उधारी चुकती होते. थर्ड रीडिंगला, म्हणजे शेवटच्या टप्प्यात, कॉमन्समध्ये आशयाचे बदल करता येत नाहीत, लॉर्ड्समध्ये येतात, त्यामुळे हे पान पण नुसतं उलटू नका. मग बिल पास.

सहावी पायरी: बिल परत कॉमन्सकडे, आणि इथून पुढची देवाणघेवाण

लॉर्ड्सनी दुरुस्त्या केल्या असतील तर बिल खाली जातं. आता कॉमन्सचं हॅन्सर्ड उघडा, "लॉर्ड्स अमेंडमेंट्स" हे शीर्षक शोधा. कॉमन्स मान्य करतं, फेटाळतं, किंवा बदली शब्द सुचवतं. फेटाळलं तर कारण लिहून पाठवावं लागतं, पण दुरुस्ती सरकारी खर्चाला हात लावत असेल तर "हा आमचा आर्थिक विशेषाधिकार" एवढं कारण पुरतं. मग लॉर्ड्सना ठरवायचं, हट्ट धरायचा की सोडायचा.

इथे दोन केसेस शेजारी ठेवून वाचा.

पहिली, १९४८ चं क्रिमिनल जस्टिस बिल. एप्रिलमध्ये कॉमन्सने मजूर खासदार सिडनी सिल्व्हरमन यांच्या दुरुस्तीवर २४५ विरुद्ध २२२ मतांनी फाशी पाच वर्षं स्थगित ठेवायचं ठरवलं. २ जूनला लॉर्ड्सनी ते कलम १८१ विरुद्ध २८ ने उडवलं. जाहीरनाम्यात नव्हतं, खुद्द मंत्रिमंडळाची शिफारस नव्हती, लोकमत पण विरुद्ध होतं, म्हणजे लॉर्ड्सना अडवणारं काहीच नव्हतं. सरकारने मग काही ठरावीक खुनांनाच फाशी अशी तडजोड आणली, ती पण लॉर्ड्सनी नाकारली, आणि शेवटी बाकीचं बिल वाचवण्यासाठी सरकारने तो भाग सोडून दिला.

दुसरी, लोखंड-पोलाद. हे जाहीरनाम्यात होतं, म्हणून १९४९ मध्ये लॉर्ड्सनी सेकंड रीडिंग अडवलं नाही. पण निवडणूक जवळ आली होती, तर त्यांनी राष्ट्रीयीकरणाची तारीखच पुढे ढकलणारी दुरुस्ती केली, म्हणजे आधी लोकांना परत विचारा. सरकारने बरीच ओढाताण करून शेवटी मान्य केलं की १ जानेवारी १९५१ च्या आधी कंपन्या ताब्यात घेणार नाही. फेब्रुवारी १९५० ची निवडणूक मजूर पक्ष अगदी थोडक्या बहुमताने जिंकला आणि १५ फेब्रुवारी १९५१ ला पोलाद सरकारी झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हुजूर पक्ष सत्तेवर आला आणि १९५३ च्या कायद्याने ते परत विकायला काढलं. एका तारखेच्या दुरुस्तीने एवढं केलं.

सातवी पायरी: अडलंच तर पार्लमेंट ॲक्ट

पोलादाच्या बिलावर लॉर्ड्स दोन वर्षं घेतील ही भीती सरकारला आधीपासून होतीच. म्हणून १९४७ मध्ये त्यांनी वेगळंच बिल आणलं, दोन वर्षांची मुदत एक वर्ष करा आणि लॉर्ड्सना डावलायला कॉमन्सने बिल तीनऐवजी दोन अधिवेशनांत पास केलं तरी पुरे. १९४८ च्या सुरुवातीला सगळ्या पक्षांच्या नेत्यांची बोलणी झाली, मुदत नक्की किती महिन्यांची आणि कुठून मोजायची यावर फिसकटली, आणि मग जूनमध्ये लॉर्ड्सनी ते बिल नाकारलं. १९११ च्या कायद्याप्रमाणे तीन अधिवेशनं हवीत म्हणून सरकारने सप्टेंबर-ऑक्टोबर १९४८ मध्ये मुद्दाम एक छोटं अधिवेशन भरवलं, लॉर्ड्सनी पुन्हा नाकारलं, तिसऱ्यांदा पण नाकारलं, आणि १६ डिसेंबर १९४९ ला लॉर्ड्सच्या संमतीशिवाय तो कायदा झाला. तुमच्या वहीत अशा बिलासाठी निकालाच्या कॉलममध्ये स्पष्ट "लॉर्ड्सची मान्यता नाही" असं लिहा. हा कायदाच वैध आहे का यावर २००५ पर्यंत वाद गेला आणि तेव्हा देशाचं सर्वोच्च कोर्ट असलेल्या लॉर्ड्सच्याच न्यायाधीशांनी तो वैध ठरवला.

आपल्याकडच्या विधान परिषदेशी तुलना करायची असेल तर कलम १९७ बघा: परिषद साधं बिल आधी तीन महिने आणि विधानसभेने परत पास केल्यावर एक महिना रोखू शकते, त्यापुढे नाही.

आठवी पायरी: राजाची मंजुरी आणि अंमलाची तारीख

त्या काळी मंजुरीच्या वेळी राजा स्वतः येत नसे, त्याच्या वतीने लॉर्ड्समधले कमिशनर बसायचे, कॉमन्सवाले दाराशी येऊन उभे राहायचे, बिलाचं नाव वाचलं जायचं आणि क्लार्क जुन्या नॉर्मन फ्रेंचमध्ये "राजाची इच्छा आहे" या अर्थाचं वाक्य म्हणायचा. पण मंजुरी आणि अंमल या दोन तारखा वेगळ्या, त्या एक समजू नका. कोळशाचं बिल जुलै १९४६ मध्ये मंजूर, खाणी ताब्यात १ जानेवारी १९४७ ला. एनएचएस नोव्हेंबर १९४६ मध्ये मंजूर, सुरू ५ जुलै १९४८ ला. रेल्वे ऑगस्ट १९४७ मध्ये मंजूर, सरकारी झाली १ जानेवारी १९४८ ला.

सराव कुठून सुरू करायचा

इंडियन इंडिपेंडन्स बिलापासून. २० कलमं, ३ परिशिष्टं, कॉमन्समध्ये ४ जुलै १९४७ ला आलं, १५ ला तिथून पास, १६ जुलैला लॉर्ड्समध्ये, १८ ला राजाची मंजुरी. सगळे टप्पे भराभर असल्याने सांगाडा पटकन भरतो. लॉर्ड्समध्ये ते मांडलं अर्ल ऑफ लिस्टोवेल यांनी, ते भारतमंत्री होते आणि लॉर्ड्सचेच मेंबर होते, त्यामुळे इथे खात्याचा मंत्री स्वतः बोलताना सापडतो. लिबरल पक्षाचे व्हायकाउंट सॅम्युएल यांनी याच चर्चेत या बिलाला युद्धाशिवाय झालेला शांतता तह म्हटलं.

कलम ७ वरची चर्चा मात्र सावकाश वाचा, विशेषतः कोल्हापूर, सांगली, औंध, मिरज इकडचे असाल तर. या कलमाने संस्थानांवरचं ब्रिटिश सार्वभौमत्व संपलं, आणि मग संस्थानं कोणाची हा प्रश्न उघडा पडला. जुने भारत-अधिकारी राहिलेले लॉर्ड राजांना दिलेल्या वचनांचं काय म्हणून विचारतात, आणि लिस्टोवेल सांगतात की कुठल्याही संस्थानाला वेगळं आंतरराष्ट्रीय अस्तित्व म्हणून मान्यता द्यायचा आमचा विचार नाही. पुढच्या विलीनीकरणाला या एका वाक्याचा किती आधार झाला ते १ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई प्रांतात आलं तिथपर्यंतच्या घडामोडी शेजारी ठेवून वाचलं की कळतं.

त्यानंतर १९४८ चं क्रिमिनल जस्टिस बिल घ्या, फक्त फाशीचं कलम. ट्रान्सपोर्ट बिल सगळ्यात शेवटी, आणि ते घेतलंत तर पूर्ण घेऊ नका, ट्रकवाल्यांच्या परवान्यांचा एकच भाग निवडा आणि तेवढीच कलमं कमिटीपासून परत कॉमन्सपर्यंत नेऊन सोडा.